पन्हाळ्याहून उतरताना

पन्हाळ्याहून कोल्हापूरला येताना घाटातच आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत कळ आली. गाडी मी चालवत होते. माझ्या आवडत्या पॉप गायिकेच्या गाजलेल्या गाण्यांची सीडी लागली होती. ती बंद करायला हात पुढे केला, तर आबा म्हणाले, "राहू दे. गप बसलं की भ्या वाटतंय."

मग प्रत्येक गाणं संपलं की मी विचारायचे, "आबा, कितवं झालं?" ते आकडा सांगायचे. पाचव्यानंतर उत्तरच आलं नाही.

"आबा!" मी ओरडले.

डोळे न उघडता ते म्हणाले, "पाचवं. वरडू नगंस, रस्त्याकडं बघ की."

"वेळेत आणलंत," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे मी जिन्यात बसून रडले.