पाणी पिणारी पेटी

माझा मामा सुतार आहे आणि त्याचं पाण्याशी वैर आहे. पिण्याच्या पाण्याशी नाही, बाकी सगळ्या पाण्याशी. घराच्या मागच्या खोलीत त्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबलचक टेबल, एक करवतीचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि फळ्यांपेक्षा जास्त नियम. ओली छत्री आत आणायची नाही. केस धुतले असतील तर वाळेपर्यंत आत यायचं नाही. चहा उंबऱ्याबाहेर उभं राहून प्यायचा, आणि शिंक आलीच तर स्वयंपाकघराकडे तोंड करून द्यायची. नवी फळी आली की मामा तिला कानाशी धरतो, बोटाने टकटक करतो आणि वाईट बातमी द्यायला आलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणतो, "हिच्यात अजून पाणी आहे. विषय संपला." मग ती फळी सहा महिने भिंतीशी उभी.

"विषय संपला" हे मामाचं आवडतं वाक्य. ते म्हटल्यावर तो त्याच विषयावर आणखी पाऊण तास बोलतो.

घरात ओल शोषणाऱ्या थैल्या आहेत. नव्या बुटांच्या खोक्यात ती छोटी पुडी येते ना, खाऊ नका असं लिहिलेली, तिच्यातले दाणे मामा किलोने आणतो. मामी जुन्या अभ्र्यांच्या तळहाताएवढ्या थैल्या शिवते आणि त्यात ते निळे दाणे भरते. ओल पिऊन दाणे गुलाबी झाले की मामी ते एका जुन्या कढईत परतून पुन्हा निळे करते. कपड्यांच्या कपाटात थैली, औषधांच्या डब्यात थैली. एकदा माझ्या दप्तरात निघाली. परीक्षेच्या दिवशी.

मामी मामावर चिडली की मामाशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. "ऐकलंस का रे पातेल्या, यांना आता जेवायला वेळ नाही." मामाही पातेल्यालाच उत्तर देतो. वीस वर्षांत पातेल्याने कुणाचीच बाजू घेतलेली नाही, म्हणून संसार टिकला असं माझं मत आहे.

तर अशा या मामाकडे एक दिवस सिगारच्या दुकानाचे मालक आले. बारीक अंगाचे, स्वच्छ शर्टाचे, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दानंतर थांबून पुढचा शब्द आला का ते बघणार. आम्ही त्यांना नंतर स्वल्पविराम म्हणायला लागलो. त्यांना ह्युमिडॉर हवा होता. ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची लाकडी पेटी. सिगार वाळली की तिचा पालापाचोळा होतो, म्हणून पेटीच्या आतली हवा कायम ओलसर लागते.

"आतून... सीडरचं लाकूड. झाकण... घट्ट. आणि आत... ओल."

मामाने "ओल" हा शब्द असा ऐकला, जसा शाकाहारी माणसाने मटणाचा भाव ऐकावा. तो नाही म्हणणार हे मला, मामीला आणि पातेल्याला दिसत होतं. पण स्वल्पविरामांनी पुढे सांगितलं की ही पेटी नमुन्याची. ओल नीट धरली, तर दुकानाची मागची अख्खी भिंत मामाची. जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या दारांचं कपाट.

मामाने त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. कारण गेली अकरा वर्षं तो स्वयंपाकघरांची कपाटं आणि चपलांचे स्टँड करतोय. लोक त्याची दारं पायाने ढकलतात, कोपराने बंद करतात, आणि पुढे फ्रिज आणून उभा करतात. मामा एकदा मला म्हणाला होता की आयुष्यात एक तरी वस्तू अशी व्हावी, जी उघडताना माणूस आधी हात पुसेल. ती वस्तू आता पाण्यात बुडून समोर आली होती.

पेटी झाली ती मात्र बघत राहावी अशी. झाकणात बाहेरून दिसेल असं काचेचं छोटं घड्याळ बसवलं होतं. वेळ नाही, आतल्या हवेत ओल किती ते दाखवणारं. झाकण सोडलं की ते आपटत नसे, आतल्या हवेवर टेकत हळूहळू खाली जाई आणि शेवटी हुश्श करी. मामाने ते हुश्श आम्हाला चौदा वेळा ऐकवलं.

मग स्वल्पविराम येऊन पेटी कशी तयार करायची ते शिकवून गेले. कोऱ्या लाकडात थेट सिगार ठेवल्या तर लाकूडच त्यांच्यातली ओल ओढून घेतं. म्हणून लाकडाला आधी पाजायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फडकं भिजवून, घट्ट पिळून, आतून हलकेच पुसायचं. मग बशीत तेच पाणी घालून आत ठेवायचं, झाकण लावायचं, आणि काटा सत्तर टक्क्यांपर्यंत चढायची वाट बघायची. ते रविवारी येणार होते, सिगार घेऊन.

मामाने पेटी पुसली ती दुसरीकडे बघत. आपल्याच पोराला इंजेक्शन द्यायला लागावं तसा चेहरा. पुसून झाल्यावर त्याने सवयीने तीच जागा कोरड्या फडक्याने पुसायला घेतली, तेव्हा मी त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं. बशी ठेवली. झाकणाने हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी काटा अठ्ठेचाळीसवर. तिसऱ्या दिवशी पन्नास. मामाने झाकण उघडलं तर बशी अर्धी रिकामी. पाणी भरलं. चौथ्या दिवशी बशी पुन्हा रिकामी आणि काटा बावन्नवर, जणू त्याला कुणी चढायचं सांगितलंच नव्हतं.

मामाने आधी झाकणावर संशय घेतला. झाकणात कागदाचे कपटे अडकवून ओढून बघितले. एकही सुटला नाही. मग पेटीत टॉर्च लावून ठेवला आणि फटीतून उजेड येतो का बघायला पेटीसकट गोधडीत शिरला. मामी चहा घेऊन उंबऱ्याशी आली तर कारखान्याच्या मधोमध एक गोधडी, खाली दोन पाय, आणि आतून आवाज, "कुठूनच येत नाही. विषय संपला." मामी चहा घेऊन परत गेली आणि बराच वेळ पातेल्याशी बोलत होती.

मग संशय काट्यावर. तो खरा की खोटा हे बघायची युक्ती स्वल्पविरामांनी सांगितली होती. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, पाण्याचे दोन-चार थेंब टाकून चिखलासारखं करायचं, आणि झाकणातून काढलेल्या घड्याळासोबत पिशवीत घट्ट बांधून दिवसभर ठेवायचं. बरोबर पंच्याहत्तर दाखवलं तर काटा खरा. दाखवलं. बरोबर पंच्याहत्तर. मामाचा चेहरा असा झाला, जणू त्याचाच साक्षीदार कोर्टात खरं बोलून गेला.

शुक्रवारपर्यंत मामाचं जेवण कमी झालं. तो बशी भरे, पेटी ती पिऊन टाके. मी शाळेतून आले तेव्हा तो टेबलाशी बसून होता, पेटीवर हात ठेवून. म्हणाला, "पस्तीस वर्षं मी लाकडाला पाण्याला शिवू दिलं नाही. आता म्हणतं, तुझ्या हातून घेणार नाही." हे म्हटल्यावर त्याने विषय संपला म्हटलं नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मामीलाही वाटली असावी, कारण ती थेट मामाशी बोलली. "अहो, एवढं पाणी पितंय म्हणजे आत कुणीतरी बसलंय." मामा म्हणाला, आत काय जावई बसलाय का. त्यावर कुणी हसलं नाही.

रविवारी स्वल्पविराम आले. हातात सिगारचं खोकं, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी काट्याकडे बघितलं. छप्पन्न. मग मामाकडे बघितलं. मामा भिंतीशी उभ्या केलेल्या फळीसारखा उभा, अजून पाणी असलेल्या.

"छप्पन्न..." ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना.

मामाने सगळं सांगितलं. पुसणं, बश्या, कपटे, मीठ. गोधडी वगळली. शेवटी म्हणाला की आपल्याला जमलं नाही, भिंत दुसऱ्या कुणाला द्या. स्वल्पविरामांनी सावकाश मान हलवली आणि खोकं उचललं.

नेमकी तेव्हाच मामी जुनी कढई हातात घेऊन उंबऱ्याशी आली. रविवार तिचा दाणे परतायचा दिवस. पाहुण्यांसमोर नको होतं, पण कढई तापली होती.

"अहो, थैल्या मोजल्या. चार कमी आहेत. त्या मोठ्या, नव्या शिवलेल्या."

मामाने मागे वळूनही बघितलं नाही. वीस वर्षांच्या सवयीने, वैतागून उत्तर दिलं. "कमी कशा असतील? पेटीच्या तळाखाली घातल्यात. माझ्या हातून तळाची फळी बसते ती खाली थैल्या घेऊनच बसते. विषय संपला."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो खरोखर संपला. 

मामा पेटीकडे वळला. त्याने बशी बाहेर काढली. तळाची फळी नखाने उचलली. खाली चार थैल्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. फुगलेल्या, तृप्त. मामीने एक उसवली. आत गुलाबी. असा गुलाबी, की लग्नात नेसावा. ओलीबद्दल मामाच्या डोक्याला सगळं कळलं होतं, पण हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"जावई," मामी म्हणाली. "चार-चार."

स्वल्पविरामांना हसू आलं. तेही थांबत थांबत आलं, एक हप्ता, मग दुसरा, आणि तिसऱ्याला त्यांना स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसून ते पेटीजवळ गेले आणि झाकण बोटाने दाबून बघायला लागले.

"चार... दाबून भरलेल्या थैल्या... आठवडाभर पितायत. तरी काटा... छप्पन्न." मग त्यांनी एका दमात, एकही स्वल्पविराम न घेता म्हटलं, "म्हणजे झाकणातून इकडची हवा तिकडे जात नाही."

खोकं त्यांनी टेबलावरच ठेवलं. म्हणाले, हे राहू दे इथे, पुढच्या रविवारी येतो.

थैल्या गेल्या. बशी भरली. बुधवारी काटा बासष्ट, शुक्रवारी सदुसष्ट. मामा काट्याकडे असा बघे, जसं कुणी पहिल्यांदा चालायला लागलेल्या पोराकडे बघतं, हात पुढे करून पण न धरता. रविवारी एकोणसत्तर. स्वल्पविरामांनी खिशातून रुमाल काढला, आधी हात पुसले, आणि मग झाकण उघडलं. मामाने ते बघितलं. नाक ओढलं आणि मला म्हणाला की भुसा गेला डोळ्यात.

सोमवारी मामा दुकानाच्या भिंतीचं माप घ्यायला निघाला. दारात मामीने त्याला थांबवलं आणि खिसे उलटे करायला लावले. पेन्सिल, टेप, आणि तीन थैल्या.

"ऐकलंस का रे पातेल्या," मामी म्हणाली.

"त्याला सांग," मामा म्हणाला, "एक मापाच्या टेपसाठी आहे. ती गंजते."

मामीने दोन थैल्या काढून घेतल्या, एक त्याच्या खिशात परत टाकली, आणि मला त्याच्यासोबत पाठवलं. भिंतीपासून लांब ठेव, म्हणाली. थैलीला की मामाला, ते तिने सांगितलं नाही.