शिआनच्या भिंतीखाली उगमकाकी

मंचरला बाजारपेठेत उगमकाकींच्या दारात पाखरांचा पिंजरा घेऊन कुणी ना कुणी उभं असायचंच. पोपट, तितर, लावा, कधी नुसत्या चिमण्या. काकी पैसे द्यायच्या, पिंजरा माडीवर न्यायच्या, तोंडानं नवकार मंत्र म्हणत दार उघडायच्या आन पाखरू सोडायच्या. मी तोंडावर म्हणायचो, "काकी, तुमी सोडताय म्हणून तर ही लोकं धरत्यात. उद्या बंद करा, रानातली पाखरं सुटकेचा श्वास टाकतील." त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. "भरत, तू पंप दुरुस्त कर. जिवाचं मी बघते."

मी अवसरी बुद्रुकचा. आळेफाट्याला माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान हाय. काकींचे मालक बन्सीलालशेठ मंचरला शेतीची अवजारं विकायचे, त्यांच्याकडचा बिघडलेला पंप माझ्याकडं यायचा. त्र्याण्णव सालापास्नं त्या घरात माझा पाय हाय. नवरा-बायको आपसात मारवाडी बोलायची, माझ्यासमोर मराठी. काकी सतराव्या वर्षी मारवाडातनं लगीन होऊन आल्या आन भाजीवाल्या बायांच्या पाटीशेजारी बसून मराठी शिकल्या. दिवस बुडाला की तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. आन खोटं बोलायचं न्हाई म्हणजे न्हाई. गिऱ्हाइकानं विचारावं, हा पंप किती वर्षं चालंल? शेठ सांगायचे पाच. आतनं काकींचा आवाज यायचा, "दोन!" शेठ असा काही डोक्याला हात लावायचे की गिऱ्हाईकसुद्धा हसायचं.

दोन हजार पाच साली दिवाळीच्या तोंडावर शेठच्या छातीत कळ आली. पुण्याच्या डॉक्टरनं तीन नळ्या बंद सांगितल्या. ऑपरेशनची तारीख धरली. आता माणसानं गप घरी बसावं का न्हाई? पण शेठनं चीनचं तिकीट आधीच काढलेलं. तिकडच्या कारखान्यातनं नव्या जातीचे पंप आणायचे, आन ते तपासायला मला संगट न्यायचं ठरलेलं. डॉक्टर नको म्हणाला, पोरगा जिनेश पाया पडला, पर शेठचं एकच. "परत येऊन कापायचंच आहे, तर जाऊन येतो." खरं सांगू? माणूस घाबरला व्हता. तारखेपासून जेवढं लांब पळता येईल तेवढं पळत व्हता.

मग काकीबी निघाल्या. खाकऱ्याचे डबे, मेथीचे लाडू, पाणी गाळायचं फडकं, सगळं घेऊन. आन त्यांनी नेम घेतला. ऑपरेशनच्या दिवसापतोर रोज एक जीव सोडवायचा, त्याशिवाय तोंडात अन्नपाणी घ्यायचं न्हाई. एक दिवस जरी चुकला तरी नेम मोडला. शेठ एरवी देवाधर्मावर हसणारा माणूस, पण ह्या नेमावर त्यानं सगळा भार टाकला. सकाळ झाली की विचारायचा, "उगम, आज सोडलं?" ती हो म्हणाली की मगच त्याच्या तोंडावर रंग यायचा. मला ते बघून कसंतरीच वाटायचं. इतका भार एका बाईच्या अंगावर टाकू नये.

कारखान्याच्या गावात हाटेलाच्या दारात जिवंत माशांच्या टाक्या असायच्या. सुरवातीला काकींनी त्यातला रोज एकेक मासा घेतला आन नदीत सोडला. तिसऱ्या दिवशी सोडलेला मासा आमच्या डोळ्यांदेखत उलटा झाला. पांढरं पोट वर, आन लागला वाहायला. काकींनी तो जीव मोजला न्हाई. नशीब, त्या दिवशी एका म्हातारीकडं कासव मिळालं. पण त्यांनी मला बजावलं, "आता मासा नको, भरत. मासा आता कधीच नको."

चीनमधला शेवटचा दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. जिनेशनं मंचरहून ईमेल करून आमच्यासाठी शिआन शहरात एक दिवसाची गाडी आन खास गाईड ठरवली व्हती. जुन्या राजांचं शहर, सभोवती मोठ्या तटाची भिंत. गाईड म्हणजे लिऊ नावाची लहानखुरी पोरगी, इंग्रजी बोलायची. शेठला ते बरं समजायचं, मला पंपाच्या पुस्तकापुरतं. सकाळी गाडीत बसल्या बसल्या काकींनी शेठकडून तिला सांगवलं की आधी एक पाखरू पायजे, सोडायला. लिऊ हसली. म्हणाली, पाखरांचा मोठा बाजार हाय, दुपारी नेते.

सकाळी तिनं मातीचे शिपाई दाखवले. खड्ड्यात हजारो उभे, प्रत्येकाचं तोंड येगळं, सगळे एकाच दिशेला बघतायत. वर छपराखाली दिवसासुद्धा उजेड मेल्यागत. लिऊ सांगत व्हती, राजाला मरणानंतरसुद्धा राखण पायजे व्हती म्हणून हे केलं. आन म्हणे त्याच्या थडग्याची कामं करणारे कारागीरसुद्धा आतच कोंडले, असं जुन्या पोथीत लिवलंय. शेठनं ते मराठीत सांगितलं. काकींनी कठड्यावरचा हात काढून घेतला. "एकाच्या जिवासाठी एवढे?" म्हणाल्या, आन बाहेर जाऊन बसल्या. शेठ मातर जागचा हलेना. त्या मातीच्या तोंडांकडं बघत राहिला आन मला म्हणाला, "भरतराव, मरणाला एवढा मोठा राजा घाबरला. आपण कोण?"

दुपारी पाखरांच्या बाजारात गेलो तर सगळं कुलूपबंद. रस्त्यावर पांढरी पावडर मारलेली. लिऊ पोलिसाशी बोलून आली. पाखरांना आजाराची साथ आलीय म्हणून बाजार बंद केलाय म्हणे. मग एका देवळापाशी गेलो, तिथं सोडायला पाखरं विकतात म्हणे. तिथंबी कुणी न्हाई. साडेचार वाजले. काकींचे ओठ कोरडे पडलेले, सकाळपासनं पाण्याचा थेंब न्हाई. शेठ दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा, आन मग हळूच छातीवर हात ठेवायचा. मला इतका राग आला व्हता राव. त्या साथीचा, शेठचा, काकींच्या नेमाचा, आन माझ्या पोटातल्या भुकेचा. हो, मला भूक लागली व्हती. ती उपाशी म्हणून आमीबी कुणी जेवलो नव्हतो.

तटाच्या भिंतीशी आलो. वर जायला जिना. शेठ हट्टानं चढला आन वर पोचला तवा तोंड राखेसारखं पडलं व्हतं. बाकावर बसला. खाली भिंतीला लागून बाग, पलीकडं खंदक. लिऊ म्हणाली, वेशीपाशी कधी कधी विकणारा बसतो, मी बघून येते. शेठ काकींना म्हणाला, "तू जा खाली. भरतला घेऊन जा. मी इथनं बघतो. जा, सूर्य बुडेल."

बागेत थंडी मरणाची. पानं गळालेली. माणसं घरी चाललेली. मीच ते आधी बघितलं, हे मी लपवत न्हाई. एका झाडाच्या फांदीला बांबूचा पिंजरा टांगलेला, जवळ कुणी न्हाई. आत एक तपकिरी पाखरू, डोळ्याभोवती पांढरी रेघ. मी म्हणालो, "काकी, ते बघा. देवानंच टांगून ठेवलंय. सोडा आन चला."

"कुणाचं आहे?"

"कुणाचं का असंना. मालक आला की पैसं देऊ की."

आन झाडाच्या बुंध्याशी एक घडीचं स्टूल व्हतं. त्यावर पिंजऱ्यावर घालायचं निळं फडकं नीट घडी घालून ठेवलेलं. मी ते बघितलं. असं फडकं कुणी विकायच्या मालावर घालत न्हाई, एवढं मला अवसरीत बसूनबी कळलं असतं. मी गप राहिलो.

काकींनी नवकार म्हटला. पिंजऱ्याचं दार वर सरकवलं. पाखरू बाहेर येईना. दांडीवर बसून त्यांच्याकडं बघत व्हतं, ओरडत न्हाई की फडफडत न्हाई. मंचरची पाखरं दार उघडायचाच अवकाश, भुर्रकन जायची, आन हे आपलं बसूनच. काकींनी वर सूर्याकडं बघितलं. मग हात आत घातला, पाखरू मुठीत धरलं, बाहेर काढलं आन सोडलं. ते धडपडत भिंतीच्या दगडावर आपटलं, खाली आलं, परत उडालं आन खंदकाच्या पलीकडं गेलं. काकींनी हात जोडले. तेवढ्यात बागेतल्या नळाकडनं एक म्हातारा आला. हातात चिनीमातीचं इवलंसं भांडं, पाण्यानं भरलेलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं उघडं दार बघितलं, आमच्याकडं बघितलं, आन भांडं पिंजऱ्यातल्या खाचेत बसवलं, पाणी न सांडता. मग शीळ घालायला लागला. एकच शीळ, परत परत.

लिऊ धावत आली. म्हाताऱ्याशी बोलली आन तिचं तोंड उतरलं. तिनं मला सांगितलं, आन जेवढं कळलं तेवढं मी काकींना सांगितलं. पाखरू नऊ वर्षांचं. म्हाताऱ्यानं हातावर खाऊ घालून वाढवलं. घरात दुसरं कुणी न्हाई. त्याला स्वतःहून दाणा शोधता येत न्हाई. आज रातीला बर्फ पडणार हाय.

मी खिशातनं हाताला लागल्या तेवढ्या नोटा काढल्या. म्हाताऱ्यानं माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा न्हाई. काकी वाकून त्याच्या पाया पडायला गेल्या तर तो मागं सरला आन परत शीळ घालायला लागला.

जिन्यावर काकींनी माझा दंड धरला. इतका जोरात की वळ उठला. "त्यांना सांगायचं नाही. ऑपरेशन होईपर्यंत नाही. तुला तुझ्या आईची शपथ आहे."

शेठ बाकावरच बसला व्हता, खंदकाकडं तोंड करून. "सोडलं?" त्यानं विचारलं.

"सोडलं," काकी म्हणाल्या. "आनंदानं उडून गेलं."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं बोललेलं ते पहिलं खोटं असणार. मग तिनं पाण्याची बाटली काढली, प्याली, डबा उघडला आन शेठच्या समोर बसून खाकरा खाल्ला. एक घास खाली उतरायला केवढा वेळ लागत व्हता! मी दुसरीकडं बघितलं. खालनं शीळ ऐकू येतच व्हती.

ऑपरेशन झालं. शेठ वाचला, नुसता वाचला न्हाई, ठणठणीत झाला. रोज सकाळी फिरायला जायला लागला, दुकानात बसायला लागला. आन गिऱ्हाइकाला सांगायला लागला. कुणीबी येऊ दे, निरगुडसरचा येऊ दे की जुन्नरचा, पंपाचा भाव राहायचा बाजूला. "आमच्या उगमनं चीनमध्ये दिवसभर पाणी घेतलं नाही. सूर्य बुडता बुडता पाखरू सोडलं, म्हणून हा बन्सी तुमच्यासमोर बसलाय." काकी आतनं चहा घेऊन यायच्या, कप ठेवायच्या आन आत जायच्या. आता आतनं "दोन!" असा आवाज येत नव्हता. दारात पिंजरेवाले आले की दार लावून घ्यायच्या. मला वाटायचं, थोबाडात मारावी शेठच्या, गप बस म्हणावं. पण शपथ व्हती. आन माझं तोंड तरी कुठं स्वच्छ व्हतं?

दोन हजार आठची संवत्सरी. त्या दिवशी जैन लोकं लहानथोर सगळ्यांपुढं हात जोडून माफी मागत्यात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असंल तर. मी पंप पोचवायला दुकानात गेलो व्हतो. शेठनं नुकतीच ती गोष्ट एका गिऱ्हाइकाला सांगून संपवली व्हती. गिऱ्हाईक गेलं. काकी बाहेर आल्या, उपासाचं तोंड, पांढरी साडी, आन गल्ल्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या.

"मी तुमच्याशी खोटं बोलले. ते पाखरू विकायचं नव्हतं. एका म्हाताऱ्याचं होतं. मी त्याच्या पिंजऱ्यात हात घालून ओढून काढलं. ते त्या रात्री मेलं असणार. भरतला काही माहीत नव्हतं, दोष माझा." सगळं सांगितलं, एका दमात. मला काही माहीत नव्हतं म्हणे! मी मान खाली घातली आन तेव्हाबी तोंड उघडलं न्हाई. मला धास्ती एवढीच, की आता ह्याच्या छातीत कळ येणार.

शेठनं गल्ला बंद केला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी वरून बघत होतो. म्हातारा नळावर भांडं विसळत होता. त्याला तो पिंजरा टांगताना मी बघितलं होतं, तुम्ही जिन्यात असताना. तू हात आत घातलास तेव्हा एक हाक मारली असती तरी तुला ऐकू गेली असती."

"मग का नाही मारली?"

"सूर्य बुडायला आला होता, उगम. मला जगायचं होतं."

बाहेर रस्त्यावर एसटी हॉर्न देत गेली. शेठ उठून उभा राहिला, गल्ल्याच्या मागनं बाहेर आला, आन बायकोपुढं हात जोडले. "मला माफ कर," म्हणाला. त्या दिवशी कुणी माफी मागितली तर ना म्हणायची नसते, अशी त्यांची रीत हाय.

काकींनी आपले जोडलेले हात सोडले. "ती माफी त्या म्हाताऱ्याकडे आहे, माझ्या हातात नाही," म्हणाल्या, आन आत गेल्या.