बिनआवाजाचं जाकीट

मोंटानाच्या डोंगरात व्हर्लिन टॅकेट दर हंगामाला नवंकोरं सामान घेऊन शिकारीला चढायचा आणि शिव्या घालत उतरायचा. कधी बुटाचा तळ सुटायचा, कधी तंबूची चेन अडकायची. मग तो ती वस्तू बायकोपुढे आपटायचा, "घे, तुला चालेल!" ओपल मुकाट्यानं ठिगळ लावायची आणि तेच घेऊन शिकारीला यायची.

यंदा दुकानदारानं 'बिनआवाजाचं' जाकीट गळ्यात मारलं होतं. व्हर्लिननं नळी फुंकून हुबेहूब एल्क हरणाची आरोळी ठोकली, तसा शिंगाळ नर झाडीतून पुढे आला. दुर्बीण काढायला व्हर्लिननं खिशाचं वेल्क्रो उघडलं. चर्रर्र! नर उधळला.

"बिनआवाजाचं म्हणे! त्या दुकानदाराच्या कानाशी नेऊन उघडतो हा खिसा!"

तेवढ्यात ओढ्यापलीकडे बार झाला. धापा टाकत जाऊन बघतो तर त्याच्याच जुन्या, ठिगळांच्या कोटात ओपल बसलेली. शेजारी तोच नर आडवा.

व्हर्लिननं जाकीट उतरवून आपटलं. "घे, तुला चालेल!"

"नको, घाल ते," सुरीला धार लावत ओपल म्हणाली. "पुढच्या वर्षीही माझ्याकडे एल्क हाकलायला कुणीतरी हवंच की."