तारोडीच्या वाडीतले भागीदार

लाल माठ निवडायला बसलं की हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. आमचे बहुतेक किस्से असेच साठले. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगीत दर रविवारी सकाळी तळमजल्यावर भाजी उतरायची. आम्ही तिथेच जुड्या सोडून बसायचो. घरी नेऊन निवडली असती तरी चाललं असतं, पण मग "त्या दिवशी काय झालं ऐकलंत का" हे कोणाला विचारणार?

सुरुवात रोझीमावशीमुळे झाली. ती उत्तनजवळच्या पालीची, कोळीवाड्यातली. आमच्या गल्लीत मासे विकायला बसायची. आम्ही गिरगावातून इकडे राहायला आलो तेव्हापासून माझी मासळी तिच्याकडची. एकदा तिच्या पाटीत बोंबलांच्या शेजारी मुळ्याच्या चार जुड्या दिसल्या. पाला इतका ताजा की मी बोंबील सोडून मुळाच उचलला.

"हा कुठला गं?"

"माझ्या भावाच्या वाडीतला. तारोडीला वाडी हाय त्याची. मार्केटला नेतो तर पडून राहतो, म्हणून मीच आणते."

भाईंदरमध्ये शेती आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, आपल्याकडे स्टेशन, बिल्डिंगा, मिठागरं आणि मग समुद्र. पुढच्या रविवारी मी बस पकडून तारोडीला गेले. सोबत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राणेकाका. त्यांना कुठेही नवीन काही चाललंय म्हटलं की पायात चप्पल सरकवायचीच असते.

रोझीचा भाऊ डॉमनिक बांधावर उभा होता. राणेकाकांनी त्याला समजावलं की तू पिकव, आम्ही घेऊ, मध्ये कोणी नको. आमचा ओला कचरा तुझ्या खताच्या खड्ड्यात, तुझी भाजी आमच्या स्वयंपाकघरात. याला पार्टनरशिप म्हणतात.

डॉमनिकने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचा कचरा मी न्यायचा, आनि पार्टनर तुम्ही?"

राणेकाका हो म्हणाले. का कोण जाणे, तोही हो म्हणाला.

*

तेव्हा मोबाईल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते आणि बोलायला पैसे पडायचे म्हणून जिवावर यायचं. म्हणून ठरलं की डॉमनिकने मिस्ड कॉल द्यायचा. एक दिला तर टेम्पो निघाला. दोन दिले तर आज भाजी नाही. तीन दिले तर कचऱ्याचे डबे खाली आणून ठेवा.

एका रविवारी राणेकाकांचा फोन वाजला आणि त्यांनी शिस्तीत कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. आम्ही पिशव्या घेऊन उभे. फोन वाजतोय, काका कट करतायत आणि मोजतायत. शेवटी चेहरा पाडून माझ्याकडे वळले.

"साळवीताई, नऊ मिस्ड कॉलचं आपण काय ठरवलं होतं?"

टेम्पो उत्तनच्या रस्त्यात बंद पडला होता. डॉमनिक बिचारा खरोखरचा फोन करत होता. तासाभराने रिक्षात भाजी घालून आला, पालक पार माना टाकलेला, आणि पहिलं वाक्य बोलला, "काका, एकदा उचलून तरी बघायचा."

*

ओल्या कचऱ्याची आमची फार कौतुकं झाली. काय सुंदर खत होतंय वगैरे. पण त्या खड्ड्यातून डॉमनिकला आमची सगळी घरं दिसायची, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

पावसाळ्यात त्याने कारली पाठवली. हिरवीगार, हातभर लांब. बिल्डिंगीत कारलं कोणालाच आवडत नाही, पण तोंडावर कसं सांगायचं? एवढ्या लांबून आणतो. सगळ्यांनी तारीफ केली. त्याने पुढच्या आठवड्यात आणखी आणली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी.

मग एकदा टेम्पोतून उतरल्या उतरल्या त्याने राणेकाकांना बाजूला घेतलं.

"काका, कारली आवडली ना सगळ्यांना?"

"एकदम फर्स्ट क्लास."

"मग परत का पाठवली?"

*

आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर हंसाबेन राहायच्या. पक्क्या शाकाहारी. नवरा गेलेला, मुलगी सासरी, घर आरशासारखं. त्या पहिल्या दिवसापासून भाजी घ्यायच्या. एके दिवशी बोलता बोलता रोझीमावशी म्हणाली, "भाजी चांगली होनारच, आमच्या पालीची सगळी उरलेली मासळी त्या वाडीत जाते. मुंडकी, शेपट्या, सगळी गाडतो आम्ही."

हंसाबेनच्या हातातली मुळ्याची जुडी तशीच राहिली.

राणेकाकांनी लगेच मीटिंग बोलावली. मासळीच्या खतावरची भाजी शाकाहारी का मांसाहारी? दोन तास चर्चा झाली. कोणी म्हणालं, खताचा संबंध फक्त मुळाशी येतो, म्हणून फळभाजी चालेल. कोणी म्हणालं, मग समुद्राच्या हवेचं काय करणार? शेवटी हंसाबेन म्हणाल्या, "मैं खुद जाके पूछती हूँ."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन तारोडीला गेले. त्यांनी वाडी बघितली, विहिरीत डोकावून पाहिलं, माती हातात घेऊन वास घेतला. मग डॉमनिकला सरळ विचारलं, "भाई, ये मूली मछली खाती है क्या?"

मला हसू आलं होतं, पण डॉमनिक हसला नाही. तो खाली बसला आणि त्याने खरोखर विचार केला.

"मुळा जमिनीतून घेतो, बेन. जमीन काय काय खाते ते मी कधी विचारलं न्हाय."

हे मी त्यांना हिंदीत सांगितलं. परतताना बसमधून उतरताना त्या म्हणाल्या, "आदमी सच्चा है. झूठ बोलता तो मैं ले लेती. अब क्या करूँ?"

त्यांनी जे केलं ते असं. ओळखीच्या एका तबेल्यातून शेणखताच्या गोणी मिळवल्या आणि डॉमनिककडून चार वाफे शेणखतावरचे करून घेतले. त्यांच्या कडेला लाल चिंध्या बांधल्या. आमच्या भागीदारीत अशी एक शाखा उघडली. गंमत म्हणजे पुढे बिल्डिंगीतली अर्धी घरं त्या वाफ्यातलं मागायला लागली, त्यात रोज मासे खाणारेही होते.

मग वाद सुरू झाला की चव कशाला जास्त. एका रविवारी दोन्हीकडचा माठ सारखा परतून दोन वाट्यांत ठेवला. कोणालाच फरक सांगता येईना. शेवटी रोझीमावशीला बोलावलं. तिने दोन्ही वाट्या हुंगल्या, एक पुढे सरकवली.

"ही माझी. हिला पालीचा वास हाय."

ती वाटी हंसाबेनच्या वाफ्यातली निघाली. रोझीमावशीने पुन्हा हुंगली आणि शांतपणे म्हणाली, "मग ती म्हैस पालीची असनार."

*

हे सगळं चालू असताना वाडी जवळजवळ बंद पडायला आली होती, तेही सांगायला हवं. वाडी टिकली आणि पुढेही चालली, पण तो उन्हाळा वाईट होता.

डॉमनिकच्या विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलं. पालकाची पानं कडेने जळायची. समुद्र इतका जवळ की गोडं पाणी जास्त उपसलं की जमिनीखालून खारं आत येतं. शेजारच्या वाड्यांना हे कळत होतं, त्यांनी मोटरी कमी चालवायच्या ठरवलं. पण सगळ्यात मोठी मोटर लागूनच्या वाडीतल्या आंतोनबाबांची. वय झालेलं, बायको गेलेली, एकटे राहायचे. नारळाची बाग होती आणि मोटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडधडत असायची.

"माझी विहीर, माझी मोटर," ते डॉमनिकला म्हणाले. "तुझ्या पालकासाठी मी माझे माड मारू?"

डॉमनिक आमच्याकडे आला तेव्हा भाजी फारशी नव्हतीच. म्हणाला, उत्तनला एका रिसॉर्टमध्ये माळ्याची नोकरी मिळतेय, घेतो. रोझीमावशी पदराने तोंड पुसत राहिली. ती वाडी त्यांच्या बापाची होती.

राणेकाका आंतोनबाबांना समजवायला गेले. ओट्यावर बसून शाश्वत शेती, सहकार, पुढच्या पिढ्या, सगळं बोलले. बाबांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि डॉमनिककडे वळून विचारलं, "हा मानूस इलेक्शनला उभा हाय का?"

*

पुढच्या रविवारी हंसाबेन म्हणाल्या, मी जाते.

आम्ही म्हटलं, तुम्हाला त्यांची भाषा कळत नाही, त्यांना तुमची. त्या म्हणाल्या, "तो झगड़ा भी नहीं होगा."

आम्ही तिघं, मी, डॉमनिक आणि राणेकाका, बांधावर आंब्याखाली थांबलो. समोर बाबांच्या घराचं दार सताड उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. मागे मोटर धडधडत होती. हंसाबेन आत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चाय मिलेगी?"

मी राणेकाकांकडे बघितलं. या बाई आमच्या घरी मासे शिजतात म्हणून इतक्या वर्षांत तिथे पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या.

बाबा गडबडले. प्यायला ते नळाचंच पाणी वापरायचे, पण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. ते बादली घेऊन मागे विहिरीवर गेले, पाणी आणलं, स्वतः चहा ठेवला. दूध फाटलं असावं, कारण ते भांड्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग दोन कपांत ओतला. स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला.

"न्हाय घेऊ, बाय. खारट झालाय."

हंसाबेनला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी कप उचलला आणि प्यायल्या. घाई नाही, तोंड वाकडं नाही. बाबा समोर उभे राहून बघत होते. भिंतीवर त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो होता, हंसाबेनची नजर तिकडे गेली, थोडा वेळ तिथेच राहिली. मग त्यांनी रिकामा कप पुढे केला.

"थोड़ी और है?"

बाबांनी भांडं उचललं नाही. ते मागच्या दाराने बाहेर गेले.

आम्ही ऐकत होतो. मोटर थांबली. एवढी शांतता झाली की माडांच्या झावळ्यांचा आवाज यायला लागला.

हंसाबेन बाहेर आल्या, चपला घातल्या. डॉमनिक म्हणाला, "बेन, मोटरचं तर तुम्ही काय बोललातच न्हाय त्याला!"

"मैं क्या बोलूँगी," त्या म्हणाल्या. "चलो, भाजी भरो, धूप चढ़ रही है."