बाबांना न वाचून दाखवलेल्या ओळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. पण आता गिळवत नाही.

आम्ही आसगावचे. बाबांना अक्षरओळख नव्हती. मोहाची दारू पिऊन त्यांनी आईला किती मारलं, ते मी दाराआडून पाहिलंय. आई गेली, आणि वर्षभरात बाबा प्रभूकडे वळले. दारू सुटली. रोज दुपारी धानाच्या बांधावरून आले, जेवले, की म्हणायचे, "वाच वो बाई." मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायची.

आज्ञा वाचल्या. आज्ञा मोडणाऱ्यांवरचे शाप वाचले. ऐकताना बाबांना घाम फुटायचा. मग एके दुपारी पौलाचं ते पत्र आलं — देवानं अब्राहामाला वचन दिलं ते आधी. नियमशास्त्र, म्हणजे या साऱ्या आज्ञा, आलं ते चारशे तीस वर्षांनी. आणि मागून आलेला नियम आधीचं वचन मोडू शकत नाही. म्हणजे तारण आज्ञा पाळून पाळून कमवायचं नाहीच — दिलेलं आहे, विश्वासानं घ्यायचं.

हे मी मनातच वाचलं, आणि मोठ्यानं वाचायच्या आधी थांबले. हे ऐकून बाबांना वाटलं, 'मिळालंच आहे, मग एक घोट घेतला तर काय?' — तर?

मी पानं मागं उलटली. पुन्हा आज्ञाच वाचल्या.

एकदाच केलं असतं तर घाबरले होते म्हणता आलं असतं. दोन वर्षं केलं मी. पाळकांनी प्रवचनात वचनाचं सांगितलं की बाबा घरी येऊन विचारायचे, "पुस्तकात बी तसंच आहे का?" आणि मी, त्यांची शिकलेली मुलगी, म्हणायची, "नाही बाबा. सारं पाळावंच लागते."

खरंच फक्त दारूची भीती होती? की त्यांना थरथरताना पाहून — आई थरथरायची तसं — मला बरं वाटायचं?

हो. बरं वाटायचं.

मग त्यांच्या पोटात पाणी झालं. खाट धरली. पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन घरी आले, तर बाबांनी तोंड फिरवलं. "मी कायले घेऊ? माह्यानं सारं पाळणं नाही झालं." पाळकांनी परोपरीनं समजावलं. बाबा माझ्याकडेच पाहत होते. "बाई, तू वाचलं आहेस. तूच सांग — माह्यासाठी काही लिहून आहे का?"

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. त्या ओळी मला पाठ होत्या. पण वाचल्या असत्या तर दोन वर्षांचं खोटं पाळकांसमोर उघडं पडलं असतं.

मी म्हटलं, "झोपा बाबा."

भाकर आणि प्याला तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी बाबा गेले — भीत भीत गेले.

मातीला आलेल्या बायका माझा हात धरून म्हणाल्या, "तुनंच बापाले सुधरवलं वो."

मी हो म्हटलं.