मामांची बाभळ आणि जांभळाच्या बिया

आता हे तुम्हाला सांगावं का न सांगावं, असं झालंय. पण चहा ओतलाय, तुम्ही मांडी घालून बसलाय, तर ऐका. लग्नाला सहा महिने झाले असताना मी माझ्याच बायकोला माझ्याच हातानं दीड महिना माहेरी बसवून ठेवलं. भांडण न्हाय, तंटा न्हाय. निव्वळ हुशारी!

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी कळंबच्या शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर. शिकवायचो उर्दूत, रागवायचो मराठीत. सासुरवाड येरमाळ्याची. सासूबाईंना मी मामी म्हणायचो, सासऱ्यांना मामा. माणूस गोडाचा लई शौकीन. भाकरीसंगं गूळ, आमटीसंगं गूळ, आणि जेवण झालं की तोंड चांगलं व्हावं म्हणून परत गूळ.

आमच्या शाळेसमोर एक हकीमसाहेब बसायचे. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या बाकड्यावर. एकदा त्यांनी मला साखरेच्या आजाराची खूण सांगितली. माणूस लघवीला जाऊन आला आणि त्या जागेवर मुंग्या लागल्या, तर समजायचं, अंगातली साखर बाहेर पडतीय. त्यावर उपाय काय? जांभळाच्या बिया वाळवायच्या, मेथीदाण्यासंगं कुटायच्या आणि ते चूर्ण सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. झालं! एवढं ऐकलं आणि मी अर्धा हकीम झालो. पुढचे आठ दिवस मी कळंबात जमिनीकडं बघतच हिंडत होतो.

तेवढ्यात आली येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या अमावस्येला आपल्याकडं घरात कोण जेवतंय? अख्खं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, आणि जेवायला भज्जी, उंडे, आंबील, गुळातली गव्हाची खीर. मी बायकोला घेऊन दोन दिवसांसाठी येरमाळ्याला गेलो होतो. नवा जावई म्हणून मला चर शिंपायचा मान दिला. म्हणजे आंबिलीत खीर-भज्जी कालवून बिंदगं, म्हणजे छोटी घागर, भरायचं आणि 'ओलगे ओलगे' म्हणत सगळ्या शेताला फेरी मारत पिकावर शिंपडत जायचं.

शेत केवढं म्हणता! या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला कुणी ओ देईना. त्यात मामींनी आधीच मला दोन तांबे आंबील पाजलेली. डोळे आपोआप मिटायला लागले. बांधावरच्या बाभळीपर्यंत कसाबसा गेलो. मागं बघितलं, पुढं बघितलं, आणि भरलेलं बिंदगं बांधावर उपडं केलं. सावलीला घटकाभर टेकलो. मग रिकामं बिंदगं हलवत, मोठ्यानं 'ओलगे ओलगे' ओरडत दुसऱ्या अंगानं कोपीकडं परत आलो. मामी म्हणाल्या, लई दमला असाल, खीर जास्तीची घ्या. मीही घेतली.

जेवणं झाली. मामा उठले आणि बाभळीच्या पलीकडं जाऊन आले. थोड्या वेळानं मीही त्याच कामासाठी तिकडं गेलो, आणि बघतो तर काय, मामांच्या जागेवर मुंग्या! दोन-चार न्हाय, रांगाच्या रांगा, बांधावरून थेट खाली. आता तुमच्या ध्यानात आलंय, दिसतंय मला तुमच्या तोंडावरून. पण माझ्या डोक्यात तेव्हा फकस्त हकीमसाहेब होते.

तसाच कोपीकडं आलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मामा, तुम्हाला साखरेचा आजार झालाय."

मामींच्या हातातली पळी थांबली. मामांनी शांतपणे विचारलं, "कशावरून?"

मी मुंग्यांची सगळी हकीकत सांगितली. मामांनी बाभळीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, माणूस घाबरला.

"शिकलेला जावई म्हणतोय तर असंल," ते म्हणाले. "पण औषध कोण कुटणार? हिचं मनगट दुखतंय. पोरीला ठिवून जावा. आन् एक सांगतो जावईबापू, म्या एकटा असलं काय गिळायचा न्हाय. तुम्ही घेत असाल तर म्या घेतो."

हो म्हटलं. आजार मीच काढलेला. दोन दिवसांनी सायकलवर एकटाच कळंबला परत आलो.

मग सुरू झाले माझे हाल. कळंबच्या जडीबुटीवाल्या अत्ताराकडं होत्या नव्हत्या तेवढ्या जांभळाच्या बिया मी उचलल्या. शुक्रवारी शाळेला सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी पहाटे सायकल हाणत येरमाळ्याला बिया पोचवायच्या. तिथं मामांच्या घोंगड्यावर समोरासमोर बसून दोघांनी चूर्ण घ्यायचं. खाल्लंय कधी? आधी कडू लागतं, मग तुरट, मग जीभ टाळूला चिकटते ती दुपारपर्यंत सुटत न्हाय. आठवडाभराच्या पुड्या बायको बांधून द्यायची आणि वडलांचा निरोप सांगायची, "अप्पांनी सांगितलंय, तुम्ही तिकडंबी घ्यायचं." मी घ्यायचो. बैठं काम आपलं, म्हटलं, आपल्यालाही बरंच.

घरी स्वयंपाक माझा मीच. भाकरी एका अंगानं कच्ची, दुसऱ्या अंगानं कोळसा, आणि वर ते चूर्ण. बायकोची अशी आठवण यायची की वर्गात हजेरी घेताना एकदा तिचंच नाव घेतलं. दर शुक्रवारी मी आडून आडून विचारायचो, मामा, आता मुंग्या कशा आहेत? मामा सुस्कारा सोडून म्हणायचे, कमी हायत, अजून पंधरा दिस बघू. आणि माणूस मात्र दर आठवड्याला जास्तच टवटवीत दिसायला लागलेला. मला वाटायचं, बियांचा गुण.

शेवटी मोठ्या ऐटीत हा सगळा इलाज मी हकीमसाहेबांना ऐकवला. त्यांनी दाढी कुरवाळत एवढंच विचारलं, "मास्तर, वहाँ पैले से कुछ मीठा तो नै गिरा था?"

बिंदगं! खीर! बांध!

आता कबूल करावं तर जावयाची अब्रू जाणार, गप बसावं तर बायको येणार न्हाय. रात्रभर तळमळलो. बायको जिंकली. शुक्रवारची वाट न बघता, रजा टाकून बुधवारीच येरमाळा गाठलं. दारातून बघतो तर मामांच्या ताटात गुळाची पोळी, तिच्यावर तुपाची धार, आणि वाढतीय कोण? माझीच बायको!

मामा जराही कचरले न्हायत. म्हणाले, "या, बसा."

"मामा, त्या मुंग्या..."

"म्हाईत हाय. तुम्ही बिंदगं उपडं केलं तवा म्या बांधाच्या खालीच आडवा झालो व्हतो. निम्मी खीर माझ्या धोतरावर आली."

"मग बोलला का न्हाय?"

"पोरगी सहा महिन्यांनी घरी आलती, आन् तुम्ही तिला दोन दिसांत न्यायला निघालता. तुम्हीच कारण दिलं, तर म्या कशाला नको म्हणू?"

"आणि चूर्ण? माझ्यासमोर तर घेत होता!"

मामांनी घोंगड्याचं टोक उचललं. खाली चूर्णाचा ढीग. "तुम्ही डोळे गच्च मिटून गिळायचा," ते म्हणाले, "तेवढ्यात माझं हिथं जायचं."

बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. मला राग आला, लाजही वाटली, पण ती गाठोडं बांधायला आत गेली तेव्हा सगळं विसरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कळंबला आलो. तिनं पहिल्याच जेवणाला गव्हाची खीर केली. दीड महिन्यानं गोडाचा वास! मी वाटी पुढं केली, तर पळी वरच्या वर धरून म्हणाली, "आधी परसात जाऊन बघून या, मुंग्या लागल्यात का."

आणि काय सांगू तुम्हाला, मी उठून खरंच बघून आलो.