बोटवाल्यानं दाखवलेला म्हसोबा

सहलीची यादी करण्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा कोणी नाही. त्या मे महिन्यात नाथसागरावर दोन दिवस मुक्काम करायचं ठरलं, तर ह्यांनी वहीच काढली. धरणाची भिंत, बाग, पैठणीचे माग, बोट, काठावरची तळलेली मासळी. पक्षी पहिल्या नंबरावर होते, ते मी खोडले. म्हटलं, पक्षी थंडीत येतात, मे महिन्यात तिथं आपल्यासारखी खुळी माणसंच जातात.

आई-दादांना सोबत न्यायची टूम माझी. दोघं चिकलठाण्याला राहायचे, दादा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळचं आमचं गाव मात्र त्याच पाण्याखाली गेलेलं. गाव उठलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, त्यामुळे मला आठवते ती बांधावरची एक बाभूळ आणि तिच्याखालचा शेंदूर फासलेला म्हसोबा. आई लगेच तयार झाली. दादा म्हणाले, मी आपलं घर राखतो. घराला काय पाय फुटणार होते? मी त्यांना हट्टानं गाडीत बसवलं.

आता आईच्या पायांचं सांगायला हवं, कारण आमची आई चप्पल घालत नाही. गाव सोडायची वेळ आली तेव्हा आजी अडून बसली होती, बांधावरचा देव बरोबर आल्याशिवाय मी हलणार नाही. आई बाळंतपणासाठी माहेरी होती, मीही तिच्याबरोबर. मग दादांनी म्हसोबा गोणपाटात गुंडाळून आणला. मोतीबिंदूमुळे आजीला दिसत नव्हतं, हाताला शेंदूर लागला तेव्हा कुठं ती बैलगाडीत बसली. चिकलठाण्याच्या अंगणात लिंबाखाली देव बसला आणि दर अमावास्येला नारळ, दहीभाताचा नैवेद्य सुरू झाला. वर्ष भरायच्या आत आई तापानं फणफणली, एक अमावास्या चुकली, आणि आठ दिवसांत माझा दहा महिन्यांचा भाऊ गेला. न्यूमोनिया होता, डॉक्टरनं तसं सांगितलंही होतं. पण भावकीतल्या बाया म्हणाल्या, म्हसोबा कोपला. आईला ते पटलं. उरलेल्या लेकरासाठी, म्हणजे माझ्यासाठी, ती नवस बोलली की मरेपर्यंत पायात काही घालणार नाही.

माझ्या लग्नात अनवाणी, बाजारात अनवाणी, दादांच्या निरोपसमारंभात खुर्चीखाली पाय लपवून अनवाणी. मी किती भांडले असेन. ती म्हणायची, "तू हायेस ना डोळ्यापुढं, मग झालं." थंडीत तिच्या टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. दादा मेण वितळवून स्वतःच्या हातानं त्या भेगा भरायचे. मला वाटायचं, काय जीव आहे या माणसाचा बायकोवर.

पहिला दिवस झकास गेला. भिंत झाली, बाग झाली, मासळीचा काटा आमच्या धाकट्या मुलाच्या घशात अडकून निघालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. त्या साली पाणी लई खाली गेलेलं. बोटवाला बडबड्या माणूस, मूळचा मासेमारी करणारा. म्हणाला, दरसाल दिसत नाही ते दाखवतो, पाणी उतरलं की आमचा म्हसोबा वर येतो, त्याला नारळ फोडल्याबिगर आम्ही जाळं टाकत नाही. यादीबाहेरचं काही फुकटात मिळतंय म्हणून हे खूश. दादा म्हणाले, नको, लेकरांना ऊन लागेल, बोट फिरवा. लेकरं ऐकतात होय? त्यांनी गिल्ला केला आणि बोट तिकडंच गेली.

गाळात बोट टेकली. सगळीकडं भेगाळलेली काळी जमीन, मधोमध बाभळीचं वाळलेलं खोड, आणि त्याच्या बुंध्याशी गुडघाभर उंच दगड, ताज्या शेंदराचा. आई सगळ्यांच्या आधी उतरली. तापलेल्या गाळावरून तशीच चालत गेली. पाया पडायला वाकली आणि तिचा हात दगडाच्या डाव्या अंगावर थांबला. माझ्या आजोबांच्या नांगराचा फाळ लागून तिथं टवका उडालेला होता. नवी नवरी असल्यापासून तिनं त्या टवक्यात शेंदूर भरला होता. घरच्या दगडाचा टवका दिसत नाही असं ती म्हणायची, तेव्हा दादा सांगायचे, शेंदराचे थर चढलेत, बुजला असेल.

तिनं वळूनही पाहिलं नाही. विचारलं, "घरी कोण हाय मग?"

दादा गाळातच खाली बसले. त्यांनी सांगितलं ते असं: दोन दिवस खणलं, दगडाचं बूड लागेना. पाणी बांधापर्यंत आलेलं, आजी उठेना. शेवटी धरणाच्या भरावावरचा एक दगड उचलला आणि शेंदूर फासला.

मी हादरले. आजीला फसवलं ते मला समजत होतं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण बाळ गेल्यावर भावकीतल्या बाया आईला बोलत होत्या, तेव्हा हा माणूस त्याच अंगणात उभा होता. एका शब्दानं तिची सुटका करता आली असती. त्याऐवजी त्यानं तीस-बत्तीस वर्षं मेण वितळवलं. माझा बाप असा असेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"बाळ गेलं तवा तरी सांगायचं," आई म्हणाली.

"तवा सांगितलं असतं तर समदं माझ्यावर आलं असतं," दादा म्हणाले. "खोटा देव आणला म्हणून पोरगं गेलं, असं म्हणाली असतीस तू."

दादांनी पायातल्या चपला काढल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, बाजूनं वळसा घालून बोटीत जाऊन बसली. चपला हातात घेऊन, पाय भाजत, दादा मागून आले.

चार दिवसांनी आई छावणी भागातल्या आमच्या घरी आली, एकटीच. म्हणाली, मला चप्पल घ्यायची. मला रडूच आलं. आम्ही बाजारात गेलो. दुकानदार म्हातारा, अदबीचा. त्यानं एकेक करून डझनभर खोकी उघडली. बायकांच्या चपलांत तिचा पंजा शिरेना. पुरुषांच्या आणल्या, त्यांत शिरला, पण बोटं इतकी फाकलेली की अंगठा पट्ट्यात राहीना. टाच कडेनं बाहेर यायची. त्यानं खाली बसून तिचा पाय हातात धरून पाहिला आणि हळूच म्हणाला, अम्मा, आता ह्या पायांना बाजारातलं काही बसायचं नाही.

आईनं आपल्या पायांकडं पाहिलं. मग उठली.

"चल," म्हणाली, "ऊन व्हायच्या आत घरी जाऊ."

आणि तशीच अनवाणी चालायला लागली.